त्र्यंबक ते अंतर्वेदी सायकलवर: कागदी नकाशे घेऊन लांबच्या ट्रिपचं प्लॅनिंग कसं करायचं

नाशिकमध्ये सायकलवाल्यांची काही कमी नाही, दरवर्षी पंढरपूरची सायकल वारी निघते, रविवारी सकाळी गंगापूर रोडला आणि त्र्यंबक रोडला बघा किती जण दिसतात. पण पंधरा-वीस दिवसांची ट्रिप काढायची म्हटलं की रूट कसा ठरवायचा यावर बहुतेकांचं उत्तर एकच, मोबाइलवर टाकायचं आणि निघायचं. मोबाइल न्याच, नेऊ नका असं मी म्हणत नाहीये, पण रूट मोबाइलवर ठरवू नका. कारण त्या छोट्या स्क्रीनवर एकतर सगळा देश दिसतो नाहीतर पुढचं एक वळण दिसतं, मधलं काहीच दिसत नाही, आणि लांबच्या ट्रिपचं प्लॅनिंग सगळं त्या मधल्यातच असतं.

उदाहरणाला मी गोदावरीचा रूट घेतोय. उगम आपल्याकडे त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर, शेवट आंध्रात अंतर्वेदीला समुद्रात, नदीची लांबी १४६५ किमी, मध्ये महाराष्ट्र, तेलंगणा आणि आंध्र. नाशिककराने घरातून निघून देश आडवा पार करायचा तर यापेक्षा सरळ रूट मला तरी माहीत नाही. तुम्हाला कन्याकुमारीला जायचं असेल तरी पद्धत हीच, फक्त गावं बदलतील.

सगळ्यात आधी मोठा नकाशा जमिनीवर पसरा

सुरुवातीला महाराष्ट्र, तेलंगणा आणि आंध्रचे राज्याचे रोड मॅप घ्या, १ सेमीला १० किमीच्या आसपास स्केल असलेले, पुस्तकांच्या दुकानात मिळतात किंवा रोड अ‍ॅटलास घ्या. हॉलमध्ये जमिनीवर पसरायचे आणि नुसती नदी बोटाने फिरवत जायची, अजून रस्त्याकडे बघायचंच नाही. त्र्यंबक, नाशिक, नांदूर मध्यमेश्वर, कोपरगाव, पुणतांबा, पैठण, शहागड, गंगाखेड, नांदेड, बासर, धर्मपुरी, मंथनी, कालेश्वरम, एटूरनागारम, भद्राचलम, राजमुंद्री, अंतर्वेदी.

आता दुसऱ्यांदा बोट फिरवा आणि प्रत्येक गावापुढे पेन्सिलने लिहा की ते नदीच्या कुठल्या काठाला आहे. हे काम कंटाळवाणं वाटतं पण अख्ख्या प्लॅनचा पाया हाच आहे. पुणतांबा दक्षिण काठाला, पैठण उत्तरेला, गंगाखेड परत दक्षिणेला, नांदेड शहर मुख्यतः उत्तरेला, बासरही त्याच बाजूला, पण पुढे निजामाबादपासून धर्मपुरी, मंथनी, कालेश्वरम, एटूरनागारम सगळं उजव्या म्हणजे दक्षिणेच्या काठाला, आणि भद्राचलम पुन्हा डाव्या म्हणजे उत्तरेच्या. म्हणजे नदी बऱ्याच वेळा ओलांडायची आहे आणि मोठ्या नदीवर पूल काही गावागणिक नसतात, एक पूल चुकला तर पुढच्या पुलापर्यंत जाऊन परत मागे यायचं यात अर्धा दिवस जातो. म्हणून पूल आधी ठरवायचे आणि रस्ता नंतर. पुलांना लाल गोल करा. शहागडचा सोलापूर-धुळे हायवेचा पूल, गंगाखेडचा, बासरजवळचा, भद्राचलमचा, हे पक्के खिळे समजा आणि मधला रस्ता त्यांच्यामध्ये ताणायचा.

कोपरगाव ते पैठण हा पहिला खरा निर्णय. उत्तरेकडून वैजापूर, गंगापूर करत जायचं की दक्षिणेकडून पुणतांबा, श्रीरामपूर, नेवासा, प्रवरासंगम, शेवगाव करत. मध्ये जायकवाडीचा नाथसागर एवढा पसरलाय की त्याच्या काठाकाठाने जाऊ म्हणाल तर जमत नाही. मला दक्षिणेची बाजू आवडते, पुणतांब्याला चांगदेवांची समाधी आहे, नेवासा आहे, गावं जवळजवळ आहेत आणि चहाला थांबायला जागा भरपूर.

नकाशे कुठले आणि किती

राज्याच्या नकाशावर एवढंच कळतं, सायकलला त्याच्या खालचा नकाशा लागतो. इथे सर्व्हे ऑफ इंडिया, १७६७ पासून हेच काम करणारं खातं, मुख्यालय डेहराडूनला. त्यांच्या टोपोशीट, म्हणजे डोंगर, नद्या, रस्ते, गावं बारकाईने दाखवणारे नकाशे, दोन स्केलच्या आपल्या कामाच्या, १:२,५०,००० म्हणजे १ सेमीला अडीच किमी आणि १:५०,००० म्हणजे १ सेमीला अर्धा किमी. २००५च्या नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठी ओपन सिरीज मॅप आले, ते खात्याच्या वेबसाइटवर लॉगिन करून घेता येतात.

नंबरची भानगड समजून घ्या, एकदा कळली की सोपी आहे. अक्षांश-रेखांशाचा चार बाय चार अंशाचा एक मोठा चौकोन, त्याला नंबर, त्याचे १६ भाग ए पासून पी पर्यंत, वरून खाली मोजत, मग पुढचा कॉलम. हा एकेक भाग म्हणजे एक अंशाची डिग्री शीट. तिचे परत १६ तुकडे, ते १:५०,००० चे. नाशिकची गंमत अशी की २० अंशाची रेघ शहरातूनच जाते, त्यामुळे आपलं शहर दोन शीटच्या सांध्यावर येतं, पंचवटीची बाजू ४६ एच/१६ मध्ये आणि दक्षिणेचा भाग ४७ ई/१३ मध्ये. एकच शीट घेऊन आलात तर अर्धंच नाशिक मिळेल. नव्या ओपन सिरीजला नंबर वेगळ्या पद्धतीचे आहेत पण जुना नंबर माहीत असला की शोधायला सोपं जातं.

गोदावरीच्या रूटला डिग्री शीट अशा लागतात: ४६ एच, ४७ ई, ४७ आय, ४७ एम, ५६ ए, ५६ बी, ५६ ई, ५६ एफ, ५६ जे, ५६ एन, ६५ बी, ६५ सी, ६५ जी, ६५ एच. निफाडवरून जाणार असाल तर ४६ एल पण घ्या, निफाड आणि नांदूर मध्यमेश्वर त्या शीटच्या अगदी तळाशी पडतं, तेवढ्या चार बोटांच्या पट्टीसाठी अख्खी शीट. १:५०,००० च्या सगळ्या घ्यायला जाऊ नका, गठ्ठा होईल, कोण उचलणार. त्या फक्त अवघड जागांच्या घ्या, म्हणजे नाथसागरच्या आजूबाजूच्या, एटूरनागारमच्या जंगलाच्या, भद्राचलम ते राजमुंद्री घाटाच्या आणि शेवटच्या त्रिभुज प्रदेशातल्या, जिथे कालव्यांचं जाळं आहे.

प्रिंट काढायला आर्किटेक्ट लोकांचे प्लॅन जिथे काढून देतात त्या प्लॉटरवाल्याकडे जा, साध्या झेरॉक्सवाल्याकडे एवढा मोठा कागद नसतो. एक गोष्ट त्याच्या डोक्यावर उभं राहून बघा, प्रिंट शंभर टक्के साइजनेच काढायची, कागदात बसवण्यासाठी त्याने जरा लहान केली की स्केल गेलं. घरी येऊन पट्टी लावा, १:५०,००० वर १ किमी म्हणजे बरोबर २ सेमी यायला पाहिजे.

शिवाय सार्वजनिक बांधकाम खात्याचा जिल्हा रस्त्यांचा नकाशा मिळाला तर सोन्याहून पिवळं. त्यात राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग असं सगळं नंबरासकट असतं, आणि सायकलला खरे चांगले रस्ते हे प्रमुख जिल्हा मार्गच, ट्रक कमी, डांबर बऱ्यापैकी, आणि दर पाच-सात किमीला गाव.

नकाशा किती जुना आहे ते बघा

शीटच्या मार्जिनमध्ये सर्व्हे कधीचा ते लिहिलेलं असतं. लोक ते वाचतच नाहीत. जायकवाडी धरण १९७६ चं, म्हणजे त्याच्या आधीच्या सर्व्हेची शीट हातात आली तर नाथसागरच्या जागी गावं आणि रस्ते दिसतील, छान सरळ रस्ता, फक्त आता पाण्याखाली. हायवेचे नंबर २०१० मध्ये बदलले, पुणे रोडला जुन्या नकाशात ५० दिसेल, आता तो ६० आहे. तेलंगणा २०१४ मध्ये वेगळं झालं, जुन्या नकाशात सगळंच आंध्र. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर, पाट्यांवर नवीन नाव आणि नकाशात जुनं. आणि समृद्धी महामार्ग कुठल्याच जुन्या नकाशात नाही. तो सिन्नर-कोपरगावकडून जातो, सायकलला तिथे बंदी आहे, दुचाकीलाही आहे, त्यामुळे आपल्याला त्याचा उपयोग शून्य पण तो आडवा येतो आणि गावातले काही जुने रस्ते आता त्याच्या खालच्या बोगद्यातूनच पलीकडे जातात.

तर निघायच्या आधी एक संध्याकाळ काढून कॉम्प्युटरवर सॅटेलाइट फोटो उघडायचा, कागदावरचा रूट त्याच्याशी ताडून बघायचा आणि जे बदललंय ते पेन्सिलने कागदावर चढवायचं. नवीन धरण, बायपास, नवीन पूल, बंद झालेला रस्ता, एवढंच.

अंतर आणि चढ मोजणं

सुती दोरा घ्या, नायलॉनचा ताणला जातो. १:२,५०,००० च्या शीटसाठी दोऱ्यावर दर ४ सेमीला पेनाची खूण करा, एक खूण म्हणजे १० किमी. मग रस्त्याच्या वळणावळणाने दोरा ठेवत जायचा. नाशिक ते कोपरगाव पट्टी लावली तर सरळ रेषेत ७०-७५ किमी भरतं आणि रस्त्याने नव्वदच्या पुढे जातं, एवढा फरक पडतो म्हणून पट्टीवर दिवसाचा हिशोब करू नका. दोऱ्याने आलेल्या आकड्यात वर दहा टक्के टाका, बारीक वळणं या स्केलला दिसत नाहीत आणि गावात चहा, पंक्चर, लॉज शोधणं यात सायकल फिरतेच.

चढासाठी तपकिरी कंटूर रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, मोजायच्या, १:५०,००० वर दोन रेषांत २० मीटरचा फरक असतो, रस्त्याने दहा रेषा वर कापल्या म्हणजे २०० मीटर चढ. सामान लादलेल्या सायकलला १०० मीटर चढ म्हणजे सपाटीवरचे जास्तीचे दीड-दोन किमी असा माझा हिशोब.

आता यातला सगळ्यात मोठा गैरसमज. लोक म्हणतात नदीबरोबर जायचं म्हणजे उतारच उतार, पॅडल मारायलाच नको. नाशिक साधारण ६०० मीटरवर, नांदेड साडेतीनशेच्या आसपास आणि राजमुंद्री जवळजवळ समुद्रसपाटीला. हजारापेक्षा जास्त किलोमीटरमध्ये सहाशे मीटर, म्हणजे पायांना कळणारच नाही असा उतार. कळतो तो वारा. आपण जाणार डिसेंबर-जानेवारीत आणि हिवाळ्यात दख्खनवर वारा पूर्व, ईशान्येकडून येतो, म्हणजे सरळ तोंडावर. उपाय एकच, पहाटे निघायचं. सकाळी हवा पडलेली असते, दहा-अकरानंतर वारा उठतो, तोपर्यंत दिवसाचं दोन तृतीयांश अंतर झालेलं पाहिजे. फक्त निफाडची डिसेंबरची पहाट काय असते ते नाशिककरांना सांगायला नको, हातमोजे घ्या. पावसाळ्यात वारा पाठीशी असतो खरा, पण काळ्या मातीच्या कच्च्या रस्त्यावर चाक आणि मडगार्डमध्ये चिखल असा भरतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि भद्राचलमकडे जुलै-ऑगस्टला पूर येतात, तेव्हा तो विचार सोडा.

मुक्काम कसे टाकायचे

पहिले तीन-चार दिवस ६० किमी, मग ७५-८०, पाच-सहा दिवसांनी एक सुट्टी. सुट्टी नांदेडला घ्या असं मी सांगेन, गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासात सोय होते, लंगर आहे, आणि मोठं शहर असल्याने सायकलचं कामही होतं. पैठणला भक्त निवास, गंगाखेड जनाबाईंचं गाव, बासरला सरस्वतीचं देऊळ, धर्मपुरी आणि भद्राचलमही देवस्थानं, म्हणजे या रूटला राहायची चिंता मराठवाड्यात आणि तेलंगणात फारशी नाही. टोपोशीटवर आर एच, आय बी अशी अक्षरं दिसतात ती सरकारी विश्रामगृहं, बरीचशी पाटबंधारे किंवा बांधकाम खात्याची. आधी फोन करून किंवा तहसीलला विचारून जागा मिळते कधी कधी, पण साहेब आले की तुम्ही बाहेर, त्यामुळे दुसरी सोय मनात ठेवा. पी एस म्हणजे पोलीस स्टेशन, पी ओ म्हणजे पोस्ट, यांना हायलायटर मारून ठेवा.

मुक्काम टाकताना पुढच्या दिवसाकडे बघून टाका. बासरला पोहोचून पूल दुसऱ्या दिवशी सकाळी ओलांडायचा. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऊसतोडणीचा हंगाम, कोपरगाव, श्रीरामपूर, पैठण, गंगाखेड सगळीकडे दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही. दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोहोचणं हा माझ्याकडून एकच न बदलणारा नियम.

कालेश्वरमच्या पुढे हिशोब बदलतो. तिथे प्राणहिता येऊन मिळते, समोर आपलं सिरोंचा, आणि पुढे एटूरनागारमपर्यंत जंगल, गावं विरळ. १:५०,००० ची शीट उघडून दोन गावांमधलं अंतर मोजा आणि २०-२५ किमीच्या वर जिथे काही नाही तिथे ‘पाणी ४ लिटर’ असं नकाशावरच लिहा. या पट्ट्यात दिवसाच चालवा, आडरानात तंबू नको, आणि जिथे मुक्काम कराल तिथल्या पोलीस स्टेशनला जाऊन सांगा कुठून आलो कुठे चाललो.

भद्राचलम ते राजमुंद्री नकाशावर नदी बघाल तर मोह होईल, पण तिथे गोदावरी पापिकोंडलूच्या डोंगरातून घळ कापून जाते आणि काठाने सलग रस्ता नाही, बोटी चालतात. रस्ता चिंतूर, मारेडुमिल्ली, रंपाचोडावरम असा घाटातून जातो. अख्ख्या ट्रिपचा हाच खरा चढ, त्या दिवसाला ५० किमीच धरा. पोलावरम धरणामुळे त्या भागातली काही गावं उठलीत, त्यामुळे नदीकाठचा आतला रस्ता नकाशात दिसला तरी भद्राचलमला विचारल्याशिवाय धरू नका.

नकाशा सायकलवर चढवणं

अख्खी शीट हँडलवर उलगडायची नसते. रूटच्या दोन्ही बाजूंना हाताची चार-चार बोटं ठेवून ए-फोर आकाराच्या पट्ट्या कापायच्या, ओरिजिनल नाही, कॉपी. प्रत्येक पट्टीला नंबर, आणि कडेला पुढच्या पट्टीचा नंबर. उत्तरेचा बाण प्रत्येक तुकड्यावर काढा, कापल्यावर उत्तर कुठे ते कळत नाही. लॅमिनेशन करू नका, घडी पडत नाही आणि पेन्सिलने लिहिता येत नाही, साधी पारदर्शक प्लास्टिकची झिप पिशवी पुरते. जेल पेन अजिबात नको, नदीकाठचं पहाटेचं दव लागलं की सगळी शाई पसरते, टू-बी पेन्सिल बेस्ट.

पट्टीच्या मागे दिवसाचं कार्ड हाताने लिहा. गावाचं नाव, तिथपर्यंतचे किमी, कुठल्या हाताला वळायचं, नदी कुठल्या बाजूला, पाणी. नदी कुठल्या बाजूला हे लिहिलेलं असलं की चुकीचा रस्ता पाच मिनिटांत लक्षात येतो. तेलंगणाच्या आधी गावांची नावं तेलुगूत कोणाकडून तरी लिहून घ्या, आतल्या रस्त्यांवरचे दगड तेलुगूतच असतात.

होकायंत्र छोटं साधं घ्या, आपल्याकडे होकायंत्राची उत्तर आणि नकाशाची उत्तर यात जेमतेम फरक, दुरुस्तीच्या भानगडीत पडायची गरज नाही. रस्त्याकडेचे दगडही वाचायला शिका, पिवळं डोकं म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवं म्हणजे राज्य मार्ग. नकाशात तुम्ही प्रमुख जिल्हा मार्गावर असाल आणि दगड पिवळा आला तर थांबा आणि परत बघा.

सगळे नकाशे एकदम वाहू नका. नांदेडच्या पुढचा गठ्ठा ओळखीच्या कोणाकडे किंवा हेड पोस्टात पोस्ट रेस्टांट म्हणून, म्हणजे आपण येईपर्यंत पोस्टातच ठेवायला, स्वतःच्या नावाने पाठवता येतो, ओळखपत्र दाखवून सोडवायचा. फार आधी पाठवू नका, दोनेक आठवड्यांच्या वर ते ठेवत नाहीत. वापरून झालेल्या पट्ट्या तिथूनच घरी परत.

रस्ता विचारायची पद्धत

‘हा रस्ता शेवगावला जातो का?’ असं विचारलं की समोरचा हो म्हणतो, पाहुण्याला नाही कशाला म्हणा. ‘हा रस्ता कुठे जातो?’ असं विचारा आणि गप्प बसा. अंतर विचारू नका, ‘जवळच आहे’ याचा अर्थ दोन किमीही असतो आणि बाराही. एसटीचे ड्रायव्हर आणि पोस्टमन यांचं ऐका. मोटरसायकलवाला ‘रस्ता चांगला आहे’ म्हणाला तर त्याला विचारा की बैलगाडी जाते का ट्रक जातो, त्यावरून अंदाज येतो. शेतातल्या शॉर्टकटला बाभळीचे काटे असतात, तेव्हा टायर ३५-४० मिमीचे, आत लायनर म्हणजे काटा अडवणारी पट्टी, आणि ट्यूब जास्तीच्या.

सराव म्हणून आधी नाशिक ते नांदूर मध्यमेश्वर जाऊन या, मोबाइल बॅगेत बंद करून, फक्त शीटवर. कालवे, फरशी पूल, द्राक्षबागांमधले सारखे दिसणारे रस्ते, चुकायला पुरेसं आहे सगळं, आणि चुकलात तरी संध्याकाळी घरी.

परत येणं

हे पण नकाशावरच ठरवून ठेवा. राजमुंद्रीहून धवळेश्वरम, म्हणजे इंग्रज इंजिनिअर आर्थर कॉटनच्या जुन्या बंधाऱ्याचं गाव, तिथून खाली नदीचे फाटे होतात, गौतमी आणि वसिष्ठा, आणि अंतर्वेदी वसिष्ठेच्या मुखाशी. तिथून मागे सखिनेटिपल्लीला येऊन बोटीने वसिष्ठा ओलांडली की पलीकडे नरसापूर, आणि नरसापूरहून सुटणारी एक गाडी थेट आपल्या येवला तालुक्यातल्या नगरसूलला येते, नांदेडवरून. कुठल्या दिवशी कुठल्या वेळेला ते निघायच्या आधी बघून ठेवा. सायकल पार्सलमध्ये बुक करायची, गाडीच्या बऱ्याच आधी स्टेशनला पोहोचायचं, पॅडल आणि बॅगा काढून, हँडल आडवं करून, पुठ्ठ्यावर नाव आणि ‘नगरसूल’ मोठ्या अक्षरात लिहून फ्रेमला दोन ठिकाणी बांधायचं. पावती खिशात ठेवा, बॅगेत नको. नगरसूल शेवटचं स्टेशन आहे, त्यामुळे मधल्या स्टेशनवर गाडी दोन मिनिटं थांबते आणि सायकल उतरवायची धावपळ होते तसला प्रकार इथे नाही.